पुस्तक परगावी आहे : प्रस्तावना

अणदुरात बसून नळदुर्गच्या किल्ल्याबद्दल नीट वाचायचे ठरवले, तर किती गावे पालथी घालावी लागतील? किल्ला तसा जवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर. त्याचे कागद मात्र लांब लांब पांगलेले. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभा केला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. त्या दरबाराची राजधानी विजापूर आणि दप्तराची मुख्य भाषा फारसी. पुढे मोगल आले, निजाम आले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६० मध्ये तो पुन्हा निजामाकडे गेला. मधल्या त्या थोड्या वर्षांत इथला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिला. त्याचे आत्मचरित्र १८७७ मध्ये विलायतेत छापले गेले. तुळजापूरच्या परिसरात घडणारी त्याची ‘तारा’ ही कादंबरी त्याआधीच, १८६३ मध्ये आली होती. १८६० नंतरचे निजामी दप्तर उर्दू-फारसीत आणि हैदराबादेत. मग १९४८, १९५६, १९६०. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हा तुळजापूर तालुका निजामाच्या संस्थानातून हैदराबाद राज्यात, तिथून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला. राज्ये बदलत गेली आणि प्रत्येकाचे कागद त्याच्या त्याच्या राजधानीत राहिले. म्हणून तुळजापूर तालुक्याचा इतिहास वाचायचा तर विजापूर, हैदराबाद, मुंबई, लंडन अशी यादी करावी लागते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. ती पहाट या भागातल्या घराघरांत अजून सांगितली जाते. दख्खनचा हा खडक तोवर स्थिर समजला जाई. ती समजूत मोडली आणि देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ या जमिनीवर लिहू लागले. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने पुढच्याच वर्षी लातूर भूकंपावर स्वतंत्र खंड काढला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला खोल विंधनछिद्र घेऊन खालचा खडक तपासला. इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘आपल्या पायाखालची जमीन’ असा प्रकल्प घेतला, तर तिला लागणारी पाने हैदराबादच्या कपाटात आहेत. ज्या गावांवर ती पाने लिहिली गेली त्या गावांत ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

ही पुस्तिका त्या विद्यार्थिनीसाठी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातले पुस्तक, बांधीव अंकातला लेख, प्रबंधातले प्रकरण किंवा नकाशाची प्रत कशी मागवायची, याची माहिती पुढच्या पानांत आहे. ग्रंथपाल मंडळी याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. पण कार्यपद्धती सांगण्याआधी ही व्यवस्था आपल्यासारख्या गावात एवढ्या निकडीची का आहे, हे सांगणे मला जरुरीचे वाटते. कारण ती वापरली जात नाही. ती आहे हेच पुष्कळांना माहीत नसते. ‘नाही आमच्याकडे’ हे दोन शब्द ऐकले की विद्यार्थी वळतो, आणि प्रकल्पाचा विषयच बदलतो. विषय बदलून घेण्याची ही सवय मला फार घातक वाटते. ती लागलेली मुले पुढे जे हाताशी आहे तेवढ्यावरच प्रश्न विचारू लागतात.

अणदुरात जवाहर महाविद्यालय आहे, नळदुर्गला महाविद्यालय आहे, तुळजापुरात महाविद्यालयाखेरीज टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पन्नासेक किलोमीटरवर सोलापूर : तिथे विद्यापीठ, जुनी महाविद्यालये आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे नावाजलेले सार्वजनिक वाचनालय. हे सगळे अणदूरच्या एस.टी. थांब्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे. एवढ्या कपाटांच्या मध्ये बसलेल्या वाचकाला पुस्तक नाही म्हणून परत पाठवणे हे गरिबीचे लक्षण खासच नव्हे. कपाटांचा एकमेकांशी परिचय नाही, एवढेच ते सांगते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यातले दुसरे. महाविद्यालयांच्या भिंतींवर ही सूत्रे रंगवलेली असतात, १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीला त्यांच्या फोटोला हार घातला जातो. पण या दुसऱ्या सूत्रात ‘आपल्या दाखल नोंदवहीत असेल तर’ अशी अट रंगनाथनांनी घातलेली नाही. ती आपण घातली.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. वाचक आपल्या ग्रंथपालाला मागणीपत्र भरून देतो. पुढचा सगळा व्यवहार दोन ग्रंथालयांमध्ये होतो. पुस्तक देणाऱ्या संस्थेला वाचकाचे तोंडही दिसत नाही. तिच्या दृष्टीने पुस्तक नेणारा, जपणारा आणि परत करणारा एकच : मागणारे ग्रंथालय. म्हणून या व्यवहारात ग्रंथपालाची सही हाच जामीन असतो.

मागणीपत्राचा कागद लहान, पण सगळे त्यावरच अवलंबून. समजा, विद्यार्थ्याने लिहिले, ‘नळदुर्गवरचा लेख, जुन्या मासिकातला’. एवढ्यावर जगातला कोणताही ग्रंथपाल काही करू शकणार नाही. मासिकाचे नाव, वर्ष, अंक, लेखकाचे नाव, जमल्यास पानांचे आकडे आणि मुख्य म्हणजे हा संदर्भ आपल्याला कुठे सापडला, हे लिहावे लागते. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि तीच सर्वांत उपयोगी. कारण संदर्भ चुकीचा असण्याची शक्यता मोठी असते. एकाने तळटीपेत १९३२ चे १९२३ केले की त्याच्यावरून लिहिणारे पुढचे दहा जण १९२३ च लिहितात. ग्रंथपालाला मूळ तळटीप कुठली ते कळले तर तो ती गाठ सोडवतो. त्याच्या शिक्षणाचा आणि अनुभवाचा खरा कस इथे लागतो. काउंटरवर बसून पुस्तके देण्या-घेण्यापेक्षा हे काम कितीतरी वरच्या दर्जाचे आहे, आणि त्याची नोंद मात्र कुठल्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात फारशी होत नाही.

मग शोध. आधी आपलेच कपाट पुन्हा पाहायचे, कारण जागा चुकलेले पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकासारखेच असते. नंतर शेजारची ग्रंथालये, नंतर आपल्या विद्यापीठाचे ग्रंथालय. ते छत्रपती संभाजीनगरला, इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिका. देशभरच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत काय आहे ते तिच्यावर शोधता येते. दिल्लीचे ‘डेलनेट’ हे जाळे १९८८ मध्ये दिल्लीपुरते सुरू झाले आणि आता देशभरची ग्रंथालये त्याची सभासद आहेत. सभासद ग्रंथालयाने मागणी नोंदवली की ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याच्याकडून ते मिळवून देण्याची त्याची व्यवस्था आहे.

पुस्तक आले की पार्सल फोडताना घाई करायची नसते. आत देणाऱ्या ग्रंथालयाची चिठ्ठी असते, तिच्यावर परतीची तारीख. आधी पुस्तकाची अवस्था पाहायची : पाठ सुटली आहे का, कोणते पान फाटले आहे, नकाशा किंवा चित्रपट्टी जागेवर आहे का. जुन्या पुस्तकांत घडीचे नकाशे असतात आणि नेमके तेच गेलेले असतात. जे दिसेल ते पोचपावतीवर त्याच दिवशी लिहून पाठवायचे. हे केले नाही तर तीस वर्षांपूर्वी कुणी फाडलेले पान आपल्या माथी बसते. वाचकाला पुस्तक सहसा घरी देत नाहीत, वाचनकक्षात बसूनच वाचायचे. काही जणांना हा अपमान वाटतो. तो तसा नाही; दुसऱ्याच्या घरची वस्तू आपल्या जबाबदारीवर आली की एवढी काळजी घ्यावीच लागते.

प्रत्येक वेळी पुस्तकच यायला हवे असेही नाही. दहा पानांच्या लेखासाठी आठशे पानांचा बांधीव खंड पाठवणे कोणालाच परवडत नाही. प्रत किंवा स्कॅन पुरतो. इथे कॉपीराइटची भीती दाखवली जाते, ती थोडा कायदा वाचून बाजूला ठेवता येते. १९५७ च्या आपल्या कायद्यात कलम ५२ आहे. खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त वापराची मुभा त्यात आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करता येतात, असेही त्याच कलमात म्हटले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की हक्कच संपतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध बड्या विलायती प्रकाशकांनी दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अध्यापनाच्या ओघात वेचे छापून देणे हे कायद्याला धरून आहे, असा निकाल दिला. याचा अर्थ बाजारात मिळणारे चालू पुस्तक अख्खे झेरॉक्स करावे असा कुणी काढू नये. नवे मराठी पुस्तक विकत घेणे हे आपले कामच आहे, नाहीतर ते लिहिणारा आणि छापणारा जगणार कसा?

मराठी विद्येचा इतिहास पाहिला तर ही उसनवारी आपल्याला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घराण्यांची दप्तरे मागत. कुणी दाखवली, कुणी दारातूनच परत पाठवले, कुणी ‘इथे बसून उतरवून घ्या’ म्हणाले. त्या उतरवून घेतलेल्या कागदांतूनच १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड निघू लागले. कागद मालकाकडे राहिला आणि मजकूर महाराष्ट्राला मिळाला. प्रत देणे आणि मूळ न देणे ही आजची पद्धत राजवाड्यांना पायपीट करून अमलात आणावी लागली होती, एवढाच फरक.

याहून मोठे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. या कामासाठी तपासलेल्या हस्तलिखितांची संख्या १,२५९ अशी सांगितली जाते. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी, इतक्या लिप्यांतल्या पोथ्या एका शहरात, एका संस्थेच्या मालकीच्या असणे शक्यच नव्हते. मठ, संस्थानिक, विद्यापीठे आणि खासगी घराणी यांच्याकडून त्या उसन्या मागवल्या गेल्या. जिथून पोथी हलवता येत नव्हती तिथे माणसे कामाला बसवली : तंजावरला सरस्वती महालाच्या संग्रहासाठी आणि शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये पाठ ताडून पाहण्याची केंद्रे उघडली गेली. तिथले पंडित एकेका श्लोकाचे पाठभेद ठरावीक तक्त्यांवर उतरवत आणि ते तक्ते पुण्याला जात. विसाव्या शतकातल्या भारतीय विद्येचा सर्वांत अभिमानाचा ग्रंथ हा असा देवघेवीवर उभा आहे. दुसऱ्याची पोथी घेतली, वेळेवर परत केली, आणि श्रेय नोंदवले. कोणत्या पाठाला कोणत्या पोथीचा आधार, हे त्या आवृत्तीत पानापानावर खाली लिहिलेले आहे. देणाऱ्याचे नाव नोंदवण्याची ही रीत आपल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या ऋणनिर्देशात उचलावी अशी माझी फार इच्छा आहे.

सामान्य वाचकापर्यंत पुस्तक पाठवण्याचा विचारही मराठी माणसाच्या कारकिर्दीत लवकर झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि संस्थानात गावोगावच्या वाचनालयांचे जाळे विणले. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचणारा गट, आणि ठरलेल्या मुदतीने पेट्यांची अदलाबदल. त्या पेट्या महाराष्ट्रातल्या वसाहतींतून निघून दुबईपर्यंत आणि त्याही पलीकडे मराठी कुटुंबांत पोचल्या.

बडोद्यात पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या तो काळ आपल्या भागाला मात्र वेगळा गेला. अणदूर निजामाच्या हद्दीत, सोलापूर इंग्रजी अमलात. पन्नास किलोमीटरच्या आत सरहद्द. संस्थानात मराठी शाळा, सभा, वाचनालये काढायची तर परवानगीच्या कागदांचा ससेमिरा, आणि बाहेरच्या कित्येक वृत्तपत्रांवर वेळोवेळी बंदी. जवळच हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले आणि तिथूनच त्यांच्या मराठवाड्यातल्या कामाला सुरुवात झाली. एक छापील कागद सरहद्दीच्या अलीकडे आणणे हे ज्या पिढीला धैर्याचे काम होते, तिची नातवंडे आज विनाअडथळा मागवता येणारे पुस्तक मागवत नाहीत, हे मनाला लागते.

‘आता सगळे मोबाईलवर मिळते’ असे कुणी म्हणेल. पुष्कळ मिळते, हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर पाच लाखांहून अधिक प्रबंध खुले आहेत. एकेकाळी प्रबंध पाहायला त्या विद्यापीठाच्या गावी मुक्काम करावा लागे. ‘एन-लिस्ट’ ही २०१० पासूनची योजना महाविद्यालयांना वर्षाला ५,९०० रुपयांत सहा हजारांहून अधिक इंग्रजी नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-पुस्तके उघडून देते. एवढ्या पैशांत कपाटाचे दोन खण भरतील इतकीही छापील पुस्तके येत नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखलेली आहे, आणि मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालये शिक्षण संस्थांनी काढलेली, अनुदानावर चालणारी आहेत.

आणि या सगळ्यात मराठी किती? रसायनशास्त्राचा विद्यार्थी पडद्यावर कालचा लेख वाचू शकतो. मराठीच्या विद्यार्थिनीला १९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेल्या ‘अस्मितादर्श’चे सुरुवातीचे अंक हवे असतात, ‘विविधज्ञानविस्तार’चे खंड हवे असतात, मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’मधली जुनी परीक्षणे हवी असतात. त्यासाठी कोणती परदेशी कंपनी वर्गणी घेत नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात बाजार नाही. हे अंक कुठल्यातरी महाविद्यालयाच्या तळघरात, एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या घरी, तालुक्याच्या वाचनालयात वरच्या फळीवर आहेत. म्हणजे देवघेवीची सर्वाधिक गरज मराठीला आहे आणि तिची सर्वांत कमी सोयही मराठीतच आहे. या पुस्तिकेतले एकच म्हणणे वाचकाने लक्षात ठेवायचे असेल तर ते हे.

यात एक जुनी फट आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत हजारो गावोगावची वाचनालये सरकारी अनुदानावर चालतात. ती ग्रंथालय संचालनालयाच्या अखत्यारीत. महाविद्यालयांची ग्रंथालये विद्यापीठ आणि उच्चशिक्षण खात्याच्या अखत्यारीत. दोघांचे अहवाल वेगळे, तपासणी वेगळी, संगणक प्रणाली वेगळी. जुन्या मराठी कादंबऱ्या, चरित्रे, दिवाळी अंक हे धन मुख्यतः पहिल्यांकडे आहे आणि ते अभ्यासणारे विद्यार्थी दुसऱ्यांकडे. एकाच गावात समोरासमोर असलेल्या दोन ग्रंथालयांमध्ये पुस्तकाची देवघेव होऊ नये हे मला कोणत्याही नियमाने समर्थनीय वाटत नाही. मराठवाड्यापुरती तरी एक संयुक्त तालिका व्हावी. सगळी पुस्तके नकोत. सुरुवातीला फक्त १९६० पूर्वीची मराठी पुस्तके आणि नियतकालिकांचे बांधीव खंड, कुठे कुठे आहेत एवढीच नोंद. ही यादी करायला मोठा निधी लागत नाही. ग्रंथपालांनी आठवड्याचा एक तास आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी सुट्टीतले काही दिवस दिले तर तालुक्याची यादी एका वर्षात होईल.

अशी देवघेव होत नाही याचे खरे कारण पैसा नसून भीती आहे. पुस्तक गेले आणि परत आले नाही तर? मोजणीत कमी भरले तर वसुली कुणाच्या पगारातून? ही भीती खोटी नाही, अशी वसुली सोसलेले ग्रंथपाल आहेत. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी धरले आहे, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. पुस्तके वापरात असली की काही झिजतात, काही जातात, हे सरकारच्या हिशेबनिसांनीही मान्य केले. आपल्या व्यवस्थापन मंडळांनी असाच ठराव लेखी करून ग्रंथपालाच्या हाती द्यावा. त्याशिवाय कुलपे निघणार नाहीत.

मुदत आणि लेखी करार या गोष्टी अणदूरकरांना शिकवायला नकोत. इथला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपुरात असतो. देव नेता-आणताना दोन्ही गावच्या मंडळींमध्ये लेखी करार होतो, आणि मुदत भरली की देव पालखीतून परत येतो. अवघ्या पंचक्रोशीच्या श्रद्धेची वस्तू दोन गावे अशी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतात, तर एका ग्रंथासाठी दोन महाविद्यालयांत एक पानाचा करार का होऊ नये? त्याचा नमुना पुढे दिला आहे. त्यात मुदत, टपालखर्च कोणी करायचा, नुकसान झाल्यास काय, आणि कोणती पुस्तके बाहेर जाणार नाहीत, एवढी चारच कलमे आहेत.

टपालखर्चाचा प्रश्न पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे, तोही सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने स्वस्तातली नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केली तेव्हा पुस्तकवाल्यांची मोठी अडचण झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो, पण ते कुठे पोचले हे पाहता येते. पाच किलोंत दोन जाडजूड बांधीव खंड आरामात बसतात. पॅकिंग मात्र चांगले हवे, आणि ऐन पावसाळ्यात प्लास्टिकच्या आत.

मोठी देवघेव लहान गावातूनही होते. इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात बॉस्टन स्पा नावाचे खेडे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड अर्कहार्ट यांनी तिथे केवळ उसने देण्यासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय ग्रंथालय उभे केले. पुढे ते ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाले, आणि जगभरच्या संशोधकांना लेखांच्या प्रती त्या खेड्यातून जाऊ लागल्या. तिथे राजधानी नव्हती, विद्यापीठही नव्हते. अचूक तालिका, टपालाची सोय आणि मागणी आली की त्याच दिवशी हात लावायचा ही शिस्त, एवढ्यावर ते चालले.

आपल्याकडून बाहेर काय जाईल, हाही प्रश्न विचारला पाहिजे. फक्त मागणारे ग्रंथालय फार दिवस चालत नाही. अणदूरकडे देण्यासारखे आहे. हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथून ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याच्या अशा कामातून जी टिपणे, अहवाल, शिकवण्याच्या पुस्तिका तयार होतात, त्या सामाजिक आरोग्याच्या अभ्यासकाला पुण्या-मुंबईत मिळत नाहीत. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाची गावपातळीवरची कागदपत्रे, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, खंडोबाच्या यात्रेची पत्रके, विद्यार्थ्यांचे स्थानिक प्रकल्प, हे सगळे नोंदवून ठेवले तर एक दिवस लंडनहूनही मागणी येईल. आज या कागदांना दाखलअंक पडलेला नाही, म्हणून रद्दी होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त.

ग्रंथपालांना एक विनंती आहे. मागणीला ‘नाही’ म्हणावे लागले तर ते ‘नाही’ एका वहीत लिहावे : काय मागितले, कोणी, कशासाठी, आणि कुठपर्यंत शोधले. वर्षाच्या शेवटी ग्रंथालय समितीपुढे खरेदीची यादी ठेवायची असते तेव्हा प्रकाशकांच्या याद्यांपेक्षा ही वही उघडावी. जे पुस्तक तीनदा उसने मागवावे लागले ते विकत घ्यावे. जे कुठेच मिळाले नाही त्याचा शोध पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा, कारण तालिका दरवर्षी वाढत असतात.

पुढील भागांत मागणीपत्राचा नमुना, तो भरण्याची रीत, दोन ग्रंथालयांमधल्या कराराचा मसुदा, इंडकॅट व शोधगंगेवर शोध घेण्याची पद्धत आणि आलेल्या पुस्तकाची तपासणी कशी करायची याची माहिती क्रमाने दिली आहे. विद्यार्थ्यांनी पहिले दोन भाग वाचले तरी काम भागेल. हातात नेमका संदर्भ नसेल, नुसता विषय असेल, तर मागणीपत्र कोरे ठेवून आधी ग्रंथपालाशी बोलायला जावे. परीक्षेच्या महिन्यात जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीआधी गेलात तर पुस्तक यायला आणि वाचायला पुरेसा वेळ मिळतो.